धिंगरीचे बेड भरण्याआधी

ऑक्टोबरात धिंगरीचे, म्हणजे ऑयस्टर अळंबीचे, बेड (काड भरलेल्या पिशव्या) भरायचे असतील तर तयारी सप्टेंबरातच धरा, आणि ती स्पॉनपासून (अळंबीच्या बियाण्यापासून) नव्हे, काडापासून. धिंगरीला पान नाही, मूळ नाही. खनिजांपैकी जे काही तिच्यात येतं ते काडातून आणि पाण्यातून. पोटॅशियम, स्फुरद, जस्त, तांबं ती उचलते, आणि काडात असलं तर कॅडमियमही सोडत नाही. पंजाबात नवांशहर-होशियारपूरकडे काही जमिनींत सेलेनियम फार आहे. तिथल्या गव्हाच्या काडावर वाढवलेल्या धिंगरीत ते सेलेनियम उतरतं. तेव्हा काड विकत घेताना दराआधी विचारा की ते कुठल्या रानातलं, पाणी कशाचं दिलेलं, शेवटची फवारणी कशाची. सांडपाण्यावर पिकलेलं काड कितीही स्वस्त मिळालं तरी आणू नका.

तासगाव-मिरजेकडच्या लोकांना मी द्राक्षाच्या काडीबद्दल मुद्दाम सांगतो. मागच्या हंगामात छाटणीची काडी फुकट मिळाली म्हणून मी ती कुट्टी करून सोयाबीनच्या भुसकटात मिसळली. सालीवर बोर्डोचा निळसर पांढरा थर होता, बोटालाही लागत होता, तरी मी थांबलो नाही. वीस दिवसांनी नुसत्या भुसकटाचे बेड पांढरेशुभ्र झाले. मिसळलेल्या बेडांत मात्र बुरशी काडीच्या तुकड्यापाशी येऊन थबकलेली. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदातलं तांबं बागायतदार बुरशी मारायलाच फवारतो, आणि आपण वाढवतो तीही बुरशीच. त्या बेडांवर जी थोडी धिंगरी आली ती मी कुणाला विकली नाही, घरातही खाल्ली नाही.

काड आलं की पाण्याकडे वळा. कृष्णाकाठी क्षारपड रानं पुष्कळ, आणि तिथल्या बोअरचं पाणीही बऱ्याचदा जड असतं. पाण्याचा पीएच (आम्ल की अल्कधर्मी) आणि ईसी (क्षार किती ते) माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून बघून घ्या. काड रात्रभर भिजवलं की त्यातले विरघळणारे क्षार पाण्यात उतरतात, थोडं पोटॅशियमही जातं. पण भिजवायचं पाणीच खारं असेल तर उलट होतं आणि काड क्षार पिऊन बसतं. शक्य असेल तर पावसाचं पाणी टाकीत साठवून ठेवा, निदान फवाऱ्यासाठी तरी. भिजवलेलं पाणी ओतून द्या, निर्जंतुकीकरणाला ताजं घ्या. कीटकनाशकाचा रिकामा ड्रम, कितीही धुतलेला असो, या कामाला नको.

गरम पाण्यात तासभर 80 अंशांवर ठेवलेलं काड निथळायला टाका आणि मुठीत दाबून बघा: हात ओला व्हावा, बोटांतून एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये. काडात चुना घालाल तो जपून. चुन्यानं पीएच वर गेला की तांबं, जस्त, कॅडमियम बुरशीला कमी मिळतं आणि हिरवी बुरशीही दबते, पण आपलं पाणी आधीच अल्कधर्मी असेल तर हात आखडता घ्या. स्पॉन ओल्या काडाच्या दोन-तीन टक्के पुरे, ताजं आणि खात्रीच्या ठिकाणचं.

खोलीत हवा खेळती राहील याची सोय बेड टांगायच्या आधी करा. कार्बन डायऑक्साइड कोंडला की दांडे लांब होतात आणि टोप्या बारीक राहतात, आणि खनिजं दांड्यापेक्षा टोपीत जास्त असतात. म्हणजे कोंदट खोलीत माल दिसायला वाईट आणि कसालाही हलका. ओलावा 80-85 टक्के ठेवायला गोणपाट ओलं करा, पाणी थेट टोपीवर मारू नका. जड पाण्याचे पांढरे ठिपके तिथेच सुकतात.

वाळवायची तयारी शेवटी. दहा किलो ताज्या धिंगरीची वाळून साधारण एक किलोच होते. पाणी उडून जातं, चांगलं-वाईट खनिज मात्र सगळं मागे राहतं. त्यामुळे वाळवून विकणाऱ्यानं काडाची चौकशी जास्त कडक करावी. प्रत्येक तोड्याची पाकिटं वेगळी ठेवा, त्यावर तारीख, काड कुणाकडचं आणि कितवा तोडा एवढं लिहा. एक-एक पाकीट घरात राखून ठेवा, कधी तपासायची वेळ आली तर दाखवायला तेच असेल.