इओसिनोफिल वाढलेत? रिपोर्ट टाइप करण्याआधी एवढं बघा

कोरेगावात माझी लॅब आहे. आल्याच्या रानात अनवाणी राबणारी माणसं अशक्तपणा म्हणून रक्त तपासायला येतात. मशीन इओसिनोफिल (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) १४ टक्के दाखवतं आणि डीएमएलटी हा लॅबचा डिप्लोमा करून आलेली पोरं तेवढाच आकडा टाकून मोकळी होतात. तसं करू नका, स्लाइड स्वतः बघा.

स्लाइड नीट वाळू द्या. लिशमन हा रंग ओतून दोन मिनिटं थांबा, मग त्याच्या दुप्पट ६.८ पीएचचं बफर (पीएच स्थिर ठेवणारं पाणी) घालून आठ-दहा मिनिटं ठेवा. इथे बोअरचं पाणी अजिबात नको. पाणी अल्कली असेल तर इओसिनोफिलचे दाणे राखाडी-निळसर उठतात आणि पेशी ओळखू येत नाही. रंग चांगला बसला की दोन पाळ्यांचं केंद्रक आणि भोवती गच्च, एकसारखे नारिंगी दाणे दिसतात.

टक्क्यावर थांबू नका. एका मायक्रोलिटर रक्तात एकूण पांढऱ्या पेशी ९,००० असतील तर १४ टक्के म्हणजे १,२६०. ३,००० असतील तर फक्त ४२०. साधारण ५०० च्या वर गेले तरच वाढले म्हणायचे.

जंत झाले की इओसिनोफिल कशामुळे वाढतात, हेही समजून घ्या. जंत एवढा मोठा, की कुठलीच पेशी त्याला गिळू शकत नाही. आतड्याच्या अस्तरातल्या टफ्ट पेशींना त्याची चाहूल लागते, त्या टी-हेल्पर २ प्रकारच्या (जंतांविरुद्धच्या) प्रतिकाराला जाग आणतात. मग इंटरल्युकिन-५ या पेशींमधल्या निरोप्या प्रथिनामुळे अस्थिमज्जा इओसिनोफिल जास्त बनवते, तर इंटरल्युकिन-१३ मुळे आतड्यात चिकट स्राव वाढतो आणि जंत बाहेर ढकलला जातो. इओसिनोफिल मुख्यतः ऊतींतून फिरणाऱ्या अळ्यांवर दाण्यांतली प्रथिनं सोडतात. म्हणून अळ्या फुफ्फुसातून जाताना आकडा चढतो, आणि जंत आतड्यात स्थिरावले की तो उतरूही शकतो. जिआर्डिया, अमिबा या एकपेशी परजीवींत तर सहसा वाढतच नाही. थोडक्यात, इओसिनोफिल नॉर्मल आले म्हणून जंत नाहीत असं लिहू नका. दमा, अ‍ॅलर्जी, चालू औषधंही विचारा.

संडासचे नमुने वेगवेगळ्या दिवशी तीन मागवा, सलाइन आणि आयोडीन दोन्हींत बघा. नमुना ताजाच हवा. उन्हाळ्यात डबी दिवसभर पडून राहिली तर हुकवर्म या जंताची अंडी फुटून अळ्या निघतात आणि त्या स्ट्राँगिलॉइडिस या दुसऱ्या जंताच्या वाटतात.

ताज्या नमुन्यात मात्र वळवळणारी अळी दिसली, तर ती स्ट्राँगिलॉइडिसची असू शकते; रिपोर्ट जाईपर्यंत थांबू नका, डॉक्टरांना लगेच फोन करा. खोकला-धाप बघून कुणी स्टिरॉइड सुरू केलं, तर स्ट्राँगिलॉइडिस अंगभर पसरून जिवावर बेततं.