पेशी ‘पाणी पिते’ असं लिहिताना या चुका टाळा

सांगलीत कृष्णेच्या घाटावरून बाटलीभर पाणी आणायचं, खालच्या गाळासकट, आणि काचपट्टीवर थेंब टाकून अमिबा शोधायचा, हा बी.एस्सी.च्या पोरांचा ठरलेला उद्योग. अमिबा सापडला की त्याच्यात एक पारदर्शक फुगा हळूहळू मोठा होताना दिसतो. लगेच वहीत नोंद पडते : ‘पिनोसायटोसिस दिसले.’ म्हणजे पेशी पटलाची पिशवी करून द्रव आत घेताना, ‘पिताना’ दिसली.

साफ उलटं! ती संकोची रिक्तिका, म्हणजे पाणी उपसणारी पिशवी. परासरणाने आत शिरलेलं जादा पाणी अमिबा बाहेर टाकतोय. जरा धीर धरून बघा : फुगा भरतो, झटकन मिटतो, पुन्हा भरायला लागतो.

नुसत्या पाण्यासाठी पेशीला पिशव्या बांधाव्या लागतच नाहीत. ते पेशीच्या पटलातून आपसूक ये-जा करतं. पिनोसायटोसिसमध्ये द्रव त्यात विरघळलेल्या मालासकट आत येतो, आणि त्याला ऊर्जा लागते. गोड्या पाण्यातला अमिबा याच्या फारसा भानगडीत पडत नाही. पाण्यात अल्ब्युमिनसारखं प्रथिन किंवा क्षार मिसळले, की पटलातून आत जाणाऱ्या बारीक नळ्या दिसू लागतात.

आकृतीत तर सगळे एकच खळगा काढून मोकळे होतात. क्लॅथ्रिन या प्रथिनाचं आवरण असलेल्या पिशवीला तो ठीक आहे, ती जेमतेम १०० नॅनोमीटरची. मॅक्रोपिनोसायटोसिसमध्ये, म्हणजे मोठ्या घोटांनी पिण्यात, मात्र ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंच्या जोरावर पटलाच्या झालरी बाहेर उसळतात, त्यातल्या काही वळून मिटतात आणि कित्येकदा मायक्रोमीटरभराहून मोठी पिशवी आत जाते. वॉरन लुईस या अमेरिकी पेशीशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये हेच चित्रफितीवर टिपलं. मधोमध जिवाणू काढू नका, ते फॅगोसायटोसिस झालं, म्हणजे घन कण गिळणं.

मॅक्रोफेज ही जंतू गिळणारी रक्षक पेशी तासाभरात स्वतःच्या आकारमानाच्या पाव पट द्रव गिळते. मग ती फुगत का नाही, असं विचारलं की वर्ग गप्प. आत गेलेलं बरंचसं पटल आणि द्रव परत बाहेर येतो. आकृतीत तो परतीचा बाण हवाच.

एम.एस्सी.च्या प्रयोगात घोळ होतो तो चकाकणाऱ्या डेक्स्ट्रानचा (साखरेच्या लांब साखळीला जोडलेला रंग, पेशी किती द्रव पिते ते बघायला वापरतात). पेशी चकाकल्या म्हणजे प्यायल्या, असं नाही. एक नळी बर्फात ठेवा. तिथे पिणं थांबतं. त्या पेशीही तेवढ्याच चकाकत असतील तर रंग बाहेर चिकटलाय, थंड द्रावणाने पुन्हा धुवा. आणि फोटो पहिल्या पाच-दहा मिनिटांत काढा. उशीर झाला की सगळ्या वाटांचा माल लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनाच्या पिशवीत, एकत्र होतो, मग कुठली पिशवी कुठून आली ते सांगता येत नाही.