सॅन फ्रान्सिस्कोचं हवामान नेमकं कोणत्या गटातलं? स्वतः ठरवून बघा

जुलैत भाचीने सॅन फ्रान्सिस्कोहून व्हिडिओ कॉल केला, तर बाईसाहेब स्वेटर घालून बसलेल्या. मागच्या खिडकीत पांढरंफेक धुकं. "मामा, इथे हा उन्हाळा आहे बरं का!" शाळेच्या भूगोलात या किनाऱ्याला आपण 'भूमध्य सागरी हवामान' शिकलो, म्हणजे पोर्तुगालच्या लिस्बनच्याच पंगतीला बसवलेलं. ते खरं की खोटं, हे हवामानशास्त्रज्ञ व्लादिमीर कोपेन यांच्या पद्धतीने घरबसल्या तपासता येतं. त्यात प्रत्येक हवामानाला अक्षरांचं एक छोटं नाव मिळतं. गुणाकार-भागाकार आला की पुरे.

1. आकडे जमवा. शहराची 1991 ते 2020 अशी तीस वर्षांची सरासरी घ्या: बारा महिन्यांचं तापमान आणि पाऊस. एखाद्या वर्षाच्या आकड्यांवर जाऊ नका. महिन्याचं सरासरी तापमान म्हणजे कमाल आणि किमान यांची बेरीज भागिले दोन. अमेरिकन आकडे फॅरनहाइट आणि इंचांत असतात. फॅरनहाइटमधून 32 वजा करून 5 ने गुणा, 9 ने भागा, इंचांना 25.4 ने गुणा. मी पहिल्यांदा इंचांनाच मिलिमीटर समजलो आणि सॅन फ्रान्सिस्कोचं पार वाळवंट करून टाकलं.

2. 'उन्हाळा' या शब्दापासून सावध राहा. आपला उन्हाळा मार्च ते मे, आणि तो मुंबईतही कोरडाच की! पण कोपेनच्या हिशेबात वर्षाचे दोनच भाग: एप्रिल ते सप्टेंबर उन्हाळी, ऑक्टोबर ते मार्च हिवाळी. आपला अख्खा पावसाळा त्यांच्या उन्हाळ्यात जातो. शिवाय मुंबईचा सर्वांत थंड महिनाही 18 अंशांच्या बराच वर, त्यामुळे ती थेट उष्णकटिबंधीय गटात.

3. आधी कोरडेपणा तपासा. बहुतेकांची गाडी इथेच घसरते. वार्षिक सरासरी तापमानाला 20 ने गुणा. उन्हाळी सहामाहीत 30 टक्क्यांहून कमी पाऊस असेल तर तेवढंच. 30 ते 70 टक्के असेल तर 140 मिळवा, त्याहून जास्त असेल तर 280. वर्षाचा पाऊस या आकड्यापेक्षा कमी भरला तर हवामान निमशुष्क, निम्म्याहूनही कमी भरला तर वाळवंटी. मग पुढच्या पायऱ्या सोडून द्या.

सॅन फ्रान्सिस्को: सुमारे 14.5 गुणिले 20, म्हणजे 290; उन्हाळी पाऊस 30 टक्क्यांहून कमी, म्हणून वर काही मिळवायचं नाही. पाऊस सुमारे 580 मिलिमीटर. कोरडेपणातून सुटलो.

आता त्याच राज्यातलं सॅन डिएगो घ्या. सरासरी 18 च्या आसपास, म्हणजे मर्यादा 360; पाऊस जेमतेम 250. लोक बिनदिक्कत भूमध्य सागरी म्हणतात, पण सूत्राने ते निमशुष्क ठरतं.

4. सर्वांत थंड महिना बघा. तो 0 ते 18 अंशांत हवा (काही जण 0 ऐवजी उणे 3 धरतात). सॅन फ्रान्सिस्कोचा जानेवारी 11 च्या जवळपास. पहिलं अक्षर 'सी', म्हणजे समशीतोष्ण गट.

5. पाऊस कधी पडतो? उन्हाळी सहामाहीतला सर्वांत कोरडा महिना 40 मिलिमीटरहून कमी आणि हिवाळ्यातल्या सर्वांत ओल्या महिन्याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी हवा. इथे जुलैत जवळजवळ शून्य, डिसेंबर-जानेवारीत शंभराच्या वर. दुसरं अक्षर 'एस', म्हणजे कोरडा उन्हाळा; 'सी' आणि 'एस' मिळून भूमध्य सागरी. धुकं कितीही दाटलं तरी ते पावसात धरत नाहीत.

6. शेवटचं अक्षर. सर्वांत उष्ण महिना 22 अंश किंवा जास्त असेल तर 'ए'. त्याहून कमी, पण निदान चार महिने 10 अंशांच्या वर असतील तर 'बी'. सॅन फ्रान्सिस्कोचा सर्वांत उष्ण महिना चक्क सप्टेंबर, तोही 17-18 अंशांचा. जुलैत किनाऱ्यालगत खोलातलं गार पाणी वर येतं, त्यावरची हवा धुकं होऊन शहरात शिरते. डोंगरापलीकडे त्याच दुपारी पारा तिशीपार असतो.

म्हणजे सॅन फ्रान्सिस्को 'सीएसबी', लिस्बन 'सीएसए'. पंगत एकच, पाट वेगळे. भाचीचा स्वेटर त्या शेवटच्या अक्षरातला.

दक्षिण गोलार्धातलं केप टाउन किंवा पर्थ तपासणार असाल तर सहामाह्यांची अदलाबदल करा: तिथे ऑक्टोबर ते मार्च उन्हाळी. हे विसरलात तर जूनचा हिवाळी पाऊस उन्हाळ्याच्या खात्यावर जमा होईल.