लॅबमधली वाईट बातमी लवकर कळायला हवी

पेशी वाढवणाऱ्या लॅबची तब्येत मी एकाच गोष्टीवरून ओळखते: काही बिघडलं, तर ते गाईडच्या कानावर किती दिवसांनी येतं. पेशींच्या फ्लास्कमध्ये शिरणाऱ्या मायकोप्लाझ्माचंच घ्या. या जिवाणूला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या पातळ खाद्यात, आपण नेहमी घालतो ते पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही. मीडियम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. पेशी जरा मंदावल्यासारख्या वाटतात, इतकंच. ज्याला हे आधी जाणवलं तोच बोलायला घाबरला, तर अख्खा इन्क्युबेटर आणि कित्येक महिन्यांचं काम हातचं जातं.

म्हणून नवी लॅब सुरू करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: शंका आली की त्याच दिवशी फळ्यावर लिहायचं. कोणता फ्लास्क, कितवा पॅसेज (म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये वाटल्या), कोणत्या बाटलीतलं मीडियम. ‘कुणी केलं’ हा रकाना नकोच. कुणी सांगायला आलं, तर तुमचं पहिलं वाक्य जपून बोला. ‘बरं झालं लगेच सांगितलंस. आपल्याकडे पेशींच्या फ्रीझ केलेल्या व्हायल कधीच्या आहेत?’ त्या दिवशी तुमचा आवाज चढला, तर पुढची बातमी तुमच्यापर्यंत येणार नाही. शेजारच्या बेंचवरची मुलं ऐकत असतात. दर महिन्याला सगळ्यांच्या पेशींची मायकोप्लाझ्मासाठी पीसीआर तपासणी करा, तुमच्या सर्वांत हुशार विद्यार्थ्याच्याही.

प्रत्येकाला आठवड्यातून अर्धा तास एकट्याला द्या. ‘समजलं का?’ असं विचारू नका, उत्तर ‘हो मॅडम’ हेच येतं. ‘उद्या सकाळी आल्यावर पहिल्यांदा काय करणार?’ असं विचारा, म्हणजे गाडी कुठे अडलीय ते कळतं. तालुक्याच्या कॉलेजातून आलेली मुलगी लॅब मीटिंगमध्ये इंग्रजीत चाचरते, पण तिच्याशी मराठीत बोललं की ती सांगते, ‘मॅडम, अ‍ॅक्टिनचा बँडच सगळ्या लेनमध्ये सारखा नाहीये, मग प्रोटीन कमी झालं असं कसं म्हणायचं?’ ब्लॉट या चाचणीत प्रत्येक नमुन्याची एक लेन असते, तिच्यात प्रोटीन बँड म्हणजे पट्टा म्हणून दिसतं; अ‍ॅक्टिन हे तुलनेसाठीचं प्रोटीन सगळ्या लेनमध्ये सारखं असावं लागतं. तिचं हे म्हणणं सगळ्यांसमोर यायला हवं. पुढच्या मीटिंगला तिला तेवढी एकच स्लाइड घेऊन उभं करा. मात्र शेजारी मल्याळी किंवा बंगाली मुलगा बसला असेल, तेव्हा गप्पासुद्धा त्याला कळतील अशा भाषेत व्हाव्यात.

ब्लॉट दाखवताना बँड उमटलेली पूर्ण मेम्ब्रेन दाखवायची, कापलेली पट्टी नाही. ‘हा बँड यायलाच हवा’ असं वाक्य गाईडने तोंडातून काढू नये. खोटा डेटा बहुतेकदा याच वाक्यापासून सुरू होतो, असं माझं ठाम मत आहे.

पेपरवर कुणाचं नाव कितवं, हे प्रयोग सुरू होण्याआधी लिहून ठेवा आणि काम बदललं की पुन्हा बसा. वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष चार आहेत: कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा दुरुस्तीत सहभाग, अंतिम मसुद्याला मंजुरी आणि कामाची जबाबदारी. चारही पूर्ण व्हावे लागतात. विभागप्रमुखांना मान म्हणून नाव देणं त्यात बसत नाही.

पेशींना रविवारीही मीडियम बदलून लागतं, तेव्हा पाळ्या लावा, त्यात पीएचडी झालेले पोस्टडॉकही आले. ऑटोक्लेव्हमध्ये सामान निर्जंतुक करणं, लिक्विड नायट्रोजन भरणं, ऑर्डरी देणं ही कामं नकळत मुलींच्या आणि नव्या मुलांच्या गळ्यात पडतात, त्यावर डोळा ठेवा. फेलोशिप रखडली तर कार्यालयात तुम्ही स्वतः जा. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला (कनिष्ठ संशोधन फेलोला) महिना ३७,००० रुपये झाले खरे, पण ते वेळेवर आले नाहीत तर खोलीचं भाडं थांबत नाही.

कुणी लॅब सोडून जाणार असेल, तर निदान महिनाभर आधी त्याच्याकडून फ्रीझरमधल्या डब्यांचा नकाशा करून घ्या: डबा, रांग, तारीख, पॅसेज. मग त्यातल्या दोन-तीन व्हायल त्याने आणि नव्या विद्यार्थ्याने मिळून वाढवून बघाव्यात. पेशी जगल्या नाहीत, तर तो असेपर्यंत नवा साठा करून ठेवता येतो.