ब्रेक लाइटचा रिपोर्ट: नापास बिंदू आधी दिसला पाहिजे

चाकणच्या एका लॅबमध्ये मी गोनिओफोटोमीटर, म्हणजे दिव्याचा उजेड वेगवेगळ्या कोनांतून मोजणारं यंत्र, चालवते. सुरुवातीला एका ब्रेक लाइटचा रंगीत नकाशा मी मीटिंगमध्ये लावला. मधोमध 96 कँडेला (एखाद्या दिशेला जाणाऱ्या उजेडाच्या तीव्रतेचं एकक), लालभडक. सगळे खूश. खाली 5 अंश, उजवीकडे 20 अंशांवर 5.6 कँडेला होते आणि हवे होते 6. पण 0 ते 100 च्या रंगपट्टीत 5.6 काय नि 6.5 काय, दोन्ही निळेच. चूक कळली तेव्हा लेन्सचा मोल्ड, म्हणजे साचा, पॉलिशला गेला होता. तेव्हापासून मी कँडेला रंगवत नाही, किमान मर्यादेशी असलेलं गुणोत्तर रंगवते.

आधी आकडे स्वच्छ करा. दिवा बंद ठेवून आलेलं रीडिंग वजा करा, मग लक्सला, म्हणजे सेन्सरवर पडलेल्या उजेडाच्या आकड्याला, मीटरमधल्या अंतराच्या वर्गाने गुणा. 10 मीटरवर 0.056 लक्स म्हणजेच ते 5.6 कँडेला, एवढ्या बारीक आकड्यात भिंतीवरून परत आलेला उजेडही निकाल फिरवतो.

आता एक्सेलमध्ये 19 घरं मांडा, नियमातल्या प्रत्येक मोजबिंदूला एक, दिव्यासमोर उभं राहिल्यासारखी: वरचे अंश वर, खालचे खाली. गाडीच्या दिव्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आर 7 नियमाप्रमाणे साध्या, एकाच तीव्रतेच्या एस 1 गटातल्या ब्रेक लाइटला मधल्या बिंदूवर किमान 60 कँडेला लागतात, बाकी घरं त्याच्या टक्क्यांत. आडव्या रेषेवर डावी-उजवीकडे 5 अंशांना 90 टक्के, 10 अंशांना 35. वर-खाली 5 अंशांच्या ओळीत मध्ये 70, 10 अंशांना 20, 20 अंशांना 10. वर-खाली 10 अंशांच्या ओळीत 5 अंशांना 20.

प्रत्येक घरात मोजलेला आकडा भागिले किमान. 1 च्या खाली लाल, 1.2 पर्यंत पिवळा, पुढे हिरवा. तीनच रंग, आणि घरात आकडा लिहाच. लाल-हिरव्यातला फरक सगळ्यांनाच दिसतो असं नाही. आमच्या त्या घरात 0.93 आलं असतं आणि नजर थेट तिथेच गेली असती.

एलईडी असेल तर असे दोन तक्ते लागतात, दिवा लावल्यावर 1 मिनिटाचा आणि 30 मिनिटांचा. गरम झाल्यावर उजेड उतरतो, म्हणून किमान मर्यादेला अडचण दुसऱ्या तक्त्यात येते आणि कमाल मर्यादेला पहिल्यात.

पिवळ्या-लाल घरांसाठी आडवा छेद काढा, म्हणजे त्याच उंचीवर डावी-उजवीकडे पाव-पाव अंशाने मोजून काढलेला आलेख. हा आलेख मला सगळ्यात मोलाचा वाटतो. नियम पाव अंशाची सूट देतो: 19.75 अंशांवर 6.1 मिळाले तर बिंदू पास. पण तिथे रेषा कड्यासारखी कोसळत असेल तर जिग, म्हणजे दिवा धरणारा साचा, किंचित तिरका बसला तरी निकाल उलटतो. म्हणून पास झाला तरी मी तो छेद रिपोर्टला जोडते आणि ऑप्टिक्सवाल्यांना फोन करून सांगते.

बाजूने दिसण्याची हद्द, म्हणजे आडवे 45 आणि उभे 15 अंश, वेगळ्या नकाशात लॉग पट्टीवर (0.1, 1, 10 अशी दहापटीने वाढणारी) दाखवा. तिथे किमान 0.3 कँडेलाच लागतो. साध्या पट्टीवर तो काळ्यात बुडतो.

आणि प्रत्येक तक्त्याखाली व्होल्टेज, मोजण्याचं अंतर, आणि ‘डावं-उजवं कुणाचं, बघणाऱ्याचं की गाडीचं’ हे लिहा. आरशासारखा उलटा नकाशा पाहिला तर डिझाइनवाला लेन्सचा भलताच कोपरा दुरुस्त करून आणतो.