आरएसएसआयचा आकडा वाचायला शिकताना: लो पॉवर रेडिओवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

डिप्लोमा झाल्यावर भोसरीत एका छोट्या कंपनीत लागले, तेव्हा पहिल्याच महिन्यात सरांनी दोन बोर्ड हातात दिले. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते बेसमेंटमधल्या पंपाला कळलं पाहिजे, मधे वायर ओढायची नाही, तर रेंज मिळते का बघून ये, एवढंच सांगितलं. बोर्डावर टीआयची (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) सीसी११०१ ही रेडिओ चिप होती, फ्रिक्वेन्सी ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली, कारण हा पट्टा आपल्याकडे २००५ पासून कमी पॉवरच्या उपकरणांना लायसन्सशिवाय वापरता येतो.

ऑफिसात टेबलावर दोन्ही बोर्ड ठेवून बघितलं तर आरएसएसआय, म्हणजे आलेल्या सिग्नलच्या ताकदीचा आकडा, −४४ डीबीएम, एकदम बरोबर वाटलं. मग एक बोर्ड सातव्या मजल्याच्या गच्चीवर ठेवला, दुसरा घेऊन खाली आले आणि लॅपटॉपवर आकडा आला +२५. मी तो तसाच एक्सेलमध्ये लिहिला आणि संध्याकाळी सरांना दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "पाठवणारा किती पॉवर टाकतोय?" मी म्हटलं १० डीबीएम. "अगं मग पोचताना २५ कशी होईल?"

झालं असं होतं की त्या चिपच्या रजिस्टरमधून (आकडा ठेवायच्या आतल्या कप्प्यातून) जो बाइट येतो तो साइन असलेला, म्हणजे अधिक किंवा उणे असू शकणारा असतो, अर्ध्या डीबीच्या पायरीत. आकडा १२८ पेक्षा कमी असेल तर त्याचे अर्धे करून ७४ वजा करायचे, आणि १२८ किंवा जास्त असेल तर आधी २५६ वजा करायचे, मग अर्धे, मग ७४ वजा. माझ्याकडे आला होता १९८. १९८ वजा २५६ म्हणजे −५८, त्याचे अर्धे −२९, त्यातून ७४ गेले की −१०३. मी २५६ वजा न करता थेट ९९ वजा ७४ करून २५ काढले. आणि यातली वाईट गोष्ट अशी की ही चूक टेबलावर दिसतच नाही, कारण सिग्नल −७४ पेक्षा तगडा असेल तोवर दोन्ही हिशोब सारखेच येतात. बोर्ड लांब गेला, सिग्नल बारीक झाला, की मगच फुटतं. म्हणून नवीन कोड लिहिला की मी आजही सगळ्यात आधी बारीक सिग्नलवर तपासते.

जे अगदीच नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडं डीबीएमबद्दल. ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट. −३० म्हणजे १ मायक्रोवॅट, −६० म्हणजे १ नॅनोवॅट, −९० म्हणजे १ पिकोवॅट. ३ डीबी कमी झाले की पॉवर निम्मी, १० कमी झाले की दहावा भाग. हे तोंडपाठ असायला हवं, पाढ्यांसारखं, कारण साइटवर शिडीवर उभं राहून कॅल्क्युलेटर काढता येत नाही.

आता मुद्द्याचं. आरएसएसआय म्हणजे चिपने स्वतःच्या चॅनेल फिल्टरमधून आत आलेल्या एकूण पॉवरचा बांधलेला अंदाज. एकूण म्हणजे तुमचा सिग्नल, शेजारच्या कुणाचा सिग्नल आणि नॉइज (नको असलेला गोंगाट), सगळं मिळून. त्यात तुमचं किती आणि दुसऱ्याचं किती हे तो आकडा सांगत नाही. फिल्टर रुंद ठेवला तर नॉइजही जास्त आत येतो. रूम टेंपरेचरला दर हर्ट्झमागे −१७४ डीबीएम नॉइज धरायचा, त्यात बँडविड्थचा, म्हणजे फिल्टरच्या रुंदीचा, लॉग दहापट करून मिळवायचा, वर नॉइज फिगर, म्हणजे रिसीव्हर स्वतः जो नॉइज घालतो तो. १२५ किलोहर्ट्झला ही बेरीज −१२३ येते आणि नॉइज फिगर ६ धरला तर −११७. सीसी११०१ मधे बँडविड्थ ५८ पासून ८१२ किलोहर्ट्झपर्यंत लावता येते, म्हणजे नुसत्या त्या सेटिंगने नॉइज फ्लोअर (सिग्नल नसतानाची नॉइजची पातळी) ११ डीबीच्या वर हलतो. हे माहीत नसेल तर दोन बोर्डांवर वेगवेगळे आकडे बघून माणूस अँटेना बदलत बसतो.

सरांचं एक वाक्य माझ्या डोक्यात कायमचं बसलंय. मी पुढच्या वेळी आकडे घेऊन गेले तर म्हणाले, "नुसता आकडा सांगू नकोस, तो कधीचा आहे ते सांग." तेव्हा कळलं नाही. आता वाटतं या विषयातलं अर्धं शिक्षण त्यातच आहे. सीसी११०१ रिसीव्हमधे असताना आरएसएसआय सतत बदलत असतो, पण सिंक वर्ड (पॅकेटच्या सुरुवातीची ठरलेली खूण) सापडला की तो आकडा गोठतो आणि पुन्हा रिसीव्हमधे जाईपर्यंत तसाच राहतो. शिवाय सेटिंग चालू ठेवलं तर चिप पॅकेटच्या शेवटी दोन बाइट जोडून देते, पहिल्यात आरएसएसआय, दुसऱ्यात एलक्यूआय (लिंकच्या दर्जाचा आकडा) आणि सीआरसी (पॅकेटमधली चूक पकडणारा आकडा) बरोबर आला की नाही याचा बिट. पॅकेटचा आकडा हवा असेल तर तिथून घ्यायचा. चॅनेल मोकळं आहे का बघायचं असेल तर पॅकेट नसताना रजिस्टर वाचायचं, तेही रिसीव्ह चालू केल्या केल्या नाही, थोडं थांबून, कारण फिल्टर आणि एजीसी (गेन आपोआप कमी-जास्त करणारं सर्किट) स्थिर व्हायला वेळ लागतो. रिसीव्ह चालू करून लगेच वाचलं की आधीचाच कुठलातरी शिळा आकडा हातात येतो.

दोन वर्षांनी लोरावर (लांब पल्ल्याची कमी पॉवरची रेडिओ पद्धत) काम आलं, सेमटेक कंपनीची एसएक्स१२७६ चिप, आणि मी नेमकी इथेच परत अडकले. त्यात दोन वेगळी रजिस्टरं आहेत, एक आत्ता या क्षणी चॅनेलवर काय आहे ते सांगतं, दुसरं शेवटच्या पॅकेटचं. मी पॅकेट आल्यानंतर पहिलं वाचत होते. १० मीटरवर −११२, १०० मीटरवर −११२, जिन्यात −११३. दोन दिवस मी अँटेना, कनेक्टर, सोल्डरिंग सगळं बघितलं. पॅकेट संपून गेल्यावर मी रिकाम्या हवेचा नॉइज मोजत होते, दुसरं काही नाही. जागा बदलली तरी आकडा हलत नसेल तर हार्डवेअर उघडायच्या आधी आपण कुठलं रजिस्टर वाचतोय ते बघा.

त्याच चिपमधे ऑफसेटचा, म्हणजे रजिस्टरच्या आकड्यात मिळवायच्या ठरलेल्या आकड्याचा, एक घोळ आहे. वरच्या फ्रिक्वेन्सीच्या पोर्टला, म्हणजे आपल्या ८६५ ला, −१५७ मधे रजिस्टरचा आकडा मिळवायचा, आणि खालच्या पोर्टला, म्हणजे ४३३ ला, −१६४ मधे. ४३३ साठी लिहिलेला कोड उचलून ८६५ वर चालवला की सगळे आकडे ७ डीबीने खाली दिसतात. ७ डीबी म्हणजे पाचपट, हे काही किरकोळ नाही. आणि लोराचं पॅकेट नॉइजच्या खालूनही वाचता येतं, तिथे आरएसएसआय नॉइज फ्लोअरलाच चिकटून बसतो आणि पुढे काही सांगत नाही. मग एसएनआर बघायचा, म्हणजे सिग्नल नॉइजच्या किती डीबी वर किंवा खाली आहे ते. एसएफ म्हणजे लोराचा स्प्रेडिंग फॅक्टर, तो वाढवला की वेग कमी आणि पल्ला जास्त; एसएफ७ ला साधारण −७.५ डीबीपर्यंत चालतं, दर पायरीला अडीच डीबी खाली जात एसएफ१२ ला −२० पर्यंत. एसएनआर शून्याच्या खाली असेल तर पॅकेटची खरी ताकद काढताना तो आरएसएसआयमधे मिळवायचा असतो, डेटाशीटमधे सूत्र दिलंय, पण पुष्कळ जण ती ओळ वाचतच नाहीत.

सगळ्या चिप सारखं बोलत नाहीत हेही लक्षात ठेवा. नॉर्डिकची एनआरएफ२४एल०१प्लस तर आकडा देतच नाही, फक्त एक बिट, सिग्नल −६४ डीबीएमच्या वर आहे की नाही एवढंच. त्यांचीच एनआरएफ५२८३२ आकडा देते, पण वजा चिन्ह आपण लावायचं असतं, रजिस्टरमधे ७५ दिसलं तर ते −७५. अचूकता काही चिपमधे दोनएक डीबी, जुन्या सीसी२४२० च्या डेटाशीटमधे अधिक-उणे ६ डीबी लिहिलंय. म्हणून दोन वेगळ्या चिपचे आकडे समोरासमोर ठेवून "हा बोर्ड भारी" म्हणायचं नाही, आधी दोन्ही एकाच मोजपट्टीवर आणायचे.

ते कसं आणायचं? मोठ्या लॅबमधे सिग्नल जनरेटर असतो, केबलने थेट जोडायचा, माहीत असलेली पॉवर द्यायची, आकडा लिहायचा. आमच्याकडे जनरेटर नव्हता. मग एक बोर्ड ट्रान्समीटर, एक रिसीव्हर, मधे एसएमए केबल (रेडिओची स्क्रू कनेक्टरवाली केबल) आणि अटेन्युएटरची (सिग्नल ठरावीक डीबीने कमी करणाऱ्या तुकड्यांची) माळ, ३०, ३०, २०, १० डीबीची. बघितलं तर ६० डीबीपर्यंत आकडे बरोबर उतरत गेले आणि पुढे कितीही अटेन्युएटर लावा, आकडा खाली जाईना. सिग्नल केबलमधून जातच नव्हता, ट्रान्समीटरच्या बोर्डावरून हवेतून उडी मारून पोचत होता. तेव्हा मी घरून पोळ्यांचा स्टीलचा डबा आणला. त्याला एक भोक पाडून एसएमएचा बल्कहेड, म्हणजे भिंतीतून आरपार बसणारा, कनेक्टर बसवला, आत ट्रान्समीटर आणि त्याची बॅटरी, झाकण लावून फटीवर तांब्याची टेप गोल फिरवून दाबून बसवली, नखाने घासून घासून, कारण जिथे टेप उचललेली असते तिथूनच गळतं. डबा बंद केला आणि आकडा पुन्हा सरळ खाली उतरायला लागला. आईने तो डबा नंतर परत मागितला नाही.

आता साइटबद्दल, कारण नवीन मुलं तिथेच जास्त फसतात. ८६६ मेगाहर्ट्झची वेव्हलेंग्थ साधारण ३५ सेंटीमीटर. स्लॅब, कॉलम, गाड्या यांच्यावरून परत येणाऱ्या लाटा कुठे एकमेकींना जोर देतात, कुठे मारतात, आणि बोर्ड वीतभर सरकवला तरी आकडा १५-२० डीबीने इकडचा तिकडे होतो. त्यामुळे एका जागी एक पॅकेट घेऊन "इथे −९५ आहे" म्हणणं बरोबर नाही. मी प्रत्येक ठिकाणी चार-पाच जागा घेते, थोड्या थोड्या अंतरावर, प्रत्येक जागी १०० पॅकेट, आणि मधला आकडा लिहिते. बोर्ड हातात धरायचा नाही, खोक्यावर ठेवून बाजूला व्हायचं, हात आणि अंग दोन्ही अँटेना बिघडवतात. आमच्या टाकीवर तर असं होतं की अँटेना टाकीच्या भिंतीला चिकटून होती, सकाळी टाकी भरली की आकडा ८-१० डीबीने घसरायचा आणि दुपारी पाणी उतरलं की वर यायचा. प्लॅस्टिकमागे पाणी आलं की अँटेनाचं ट्यूनिंगच सरकतं.

आणि आता ती गोष्ट जी मला कुणी आधी सांगितली असती तर माझा एक अख्खा रिपोर्ट वाचला असता. आरएसएसआय फक्त पोचलेल्या पॅकेटचा मिळतो. जे वाटेत गेले त्यांचा आकडा कुठेच नोंदला जात नाही. मी रिपोर्टमधे लिहिलं होतं की चौथ्या मजल्यावर सरासरी −९८ आणि बेसमेंटमधे −९७, म्हणजे बेसमेंट किंचित बरं. खरं म्हणजे चौथ्या मजल्यावर १०० पैकी ९६ पॅकेट आले होते आणि बेसमेंटमधे ६१. जे ३९ बारीक होते ते गळून गेले, उरलेल्या दांडग्यांची सरासरी चांगली दिसणारच. तेव्हापासून पॅकेटमधे अनुक्रमांक टाकल्याशिवाय मी मोजायला बसत नाही, आणि आरएसएसआयच्या शेजारच्या रकान्यात किती पाठवले आणि किती आले हे असतंच, त्याच्या शेजारी नॉइज फ्लोअर.

वापर करायचा म्हणाल तर सगळ्यात उपयोगी म्हणजे मार्जिन, आलेला सिग्नल सेन्सिटिव्हिटीच्या (वाचता येईल अशा सगळ्यात बारीक सिग्नलच्या) किती डीबी वर आहे ते. सीसी११०१ ची सेन्सिटिव्हिटी १.२ किलोबॉडला (बॉड म्हणजे डेटाच्या वेगाचं माप) −११२ च्या आसपास आणि २५० किलोबॉडला −९५ च्या आसपास, म्हणजे −९० हा आकडा एका स्पीडला निवांत आणि दुसऱ्या स्पीडला काठावर. मी वाईटात वाईट जागी १५ डीबी तरी हातात ठेवते. मार्जिन भरपूर असेल तर पाठवणाऱ्याची पॉवर कमी करता येते, १० वरून ० डीबीएमला आणलं की करंट ३० मिलिअँपवरून सोळा-सतरापर्यंत येतो, बॅटरीवरच्या सेन्सरला हे मोठं आहे. फक्त एका पॅकेटवरून पॉवर बदलू नका, आठ-दहा बघा, आणि वर-खाली करायच्या मर्यादा वेगळ्या ठेवा, नाहीतर तो झोका घेत राहतो. पाठवण्याआधी चॅनेल ऐकायचं असेल तर कायमचा −९० वगैरे लिहून टाकू नका, नॉइज फ्लोअर मोजून त्याच्या वर काही डीबी धरा, कारण पंपाच्या पॅनेलशेजारी आणि गच्चीवर तो सारखा नसतो.

आरएसएसआयवरून अंतर काढून द्या असं कस्टमर हमखास म्हणतो. मोकळ्या मैदानातसुद्धा अंतर दुप्पट झालं की ६ डीबी जातात, म्हणजे ६ डीबीची चूक म्हणजे अंतरात दुपटीची चूक, आणि वर सांगितलं तसं इमारतीत वीतभरात १५ डीबी हलतात. जवळ, मधे, लांब एवढं सांगता येतं. मीटरमधे आकडा मी देत नाही, इंटरव्ह्यूमधे विचारलं तरी हेच सांगा आणि का ते कागदावर मांडून दाखवा.

शिकायला काय लागतं तर दोन स्वस्त मॉड्यूल, अटेन्युएटर, एक वही. डेटाशीटमधलं आरएसएसआयचं प्रकरण शांतपणे वाचा, ऑफसेट, पायरी, साइन, आकडा कधी गोठतो, हे चार शोधून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कोड त्यानंतर.

त्या सोसायटीचं शेवटी काय झालं ते सांगते. बेसमेंटमधला रिसीव्हर पंपाच्या लोखंडी पॅनेलच्या आत होता. पॅनेलला छोटं भोक पाडून अँटेना बाहेर काढली, कॉलमपासून वीतभर लांब घेतली, स्पीड कमी केला. मधला आकडा −९७ वरून −८४ वर आला, आणि १०० पैकी ६१ येत होते तिथे ९९ यायला लागले. पंपाचा वॉचमन म्हणाला, ताई, आता रात्री गच्चीवर चढून बघायला लागत नाही.