जुनी बार्बी हातात आली तर तिच्यावरून काळ कसा ओळखायचा

सगळ्यात आधी तिचे कपडे काढून बाजूला ठेवा. कपडे कोणीही कधीही बदललेले असतात, त्या काळी बाई कशी दिसायला हवी होती ते अंगावर आणि चेहऱ्यावर कळतं.

सुरुवात डोळ्यांपासून करा. 1959 ची पहिली बार्बी, ती काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या स्विमसूटवाली, तिरक्या नजरेने बाजूला बघते, समोर नाही. बार्बीची निर्माती रूथ हँडलरने ती लिली नावाच्या जर्मन बाहुलीवरून घेतली होती आणि लिली मुळात मोठ्यांसाठीची, म्हणून तो लाडिक भाव. 1971 ची मालिबू बार्बी आली तेव्हा कुठे नजर सरळ झाली. मला तरी हा बदल सगळ्यात मोठा वाटतो.

मग पाय बघा. टाच उचललेली असेल तर हिच्यासाठी हाय हील सोडून दुसरं काही धरलेलंच नाही. घोटा वळून पाऊल सपाट टेकणारी फॅशनिस्टा मालिकेतली बार्बी 2015 ची, म्हणजे एवढी वर्षं बाई बहुतेक वेळा चवड्यावरच उभी!

आता कंबर, आणि इथे जरा थांबा. 1965 च्या स्लंबर पार्टी (मैत्रिणींनी रात्री एकत्र राहायचं) सेटमध्ये एक वजनकाटा होता, कायमचा 110 पाउंडांवर म्हणजे साधारण 50 किलोवर अडकवलेला, सोबत वजन कमी करायचं छोटं पुस्तक आणि त्याच्या मागे सल्ला काय तर खाऊच नका. लहान मुलींच्या खेळण्यात हे, खरंच संताप येतो. आणि त्याच वर्षी हीच बार्बी अंतराळवीरही झाली, म्हणजे चंद्रावर जा पण उपाशी जा. कंबर रुंद झाली 1997 च्या सुमारास, आणि कर्व्ही (भरलेला), टॉल (उंच), पेटिट (ठेंगणा) असे वेगळे बांधे थेट 2016 ला. कर्व्ही आहे का ते बघायला नेहमीच्या बार्बीची पँट चढवून बघा, मांडीवरच अडकते.

आपल्याकडे मिळायची ती साडीतली बार्बी घरात असेल तर निऱ्या सोडून बघा, आत तोच अमेरिकन बांधा.

पाठीवर 1966 दिसलं म्हणून लगेच जुनी समजून जास्त पैसे मोजू नका, ते साल त्या बांध्याचं असतं आणि तो बांधा नव्वदच्या दशकापर्यंत वापरात होता. खोका असेल तर फेकू नका, त्यावरचं साल जास्त भरवशाचं.